सोबतीचे पुस्तक
(द्वितीय वर्ष, कला)

मी चौथीत असताना एक वही लिहिली होती. शंभर पानी, एकेरी रेघांची, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली. तिच्यात ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेची रोजची गोष्ट चार-पाच ओळींत लिहिलेली असे. मालिका झी मराठीवर रात्री साडेदहाला लागे आणि त्या वेळी माझे बाबा ट्रॉलरवर असत. सकाळी मासळी उतरवून घरी आले की चहा घेता घेता ते विचारीत, “काल काय झाला?” आईला गोष्ट सांगायचा कंटाळा. आजी सांगू लागली की कालचे आणि परवाचे एक करून टाकी. मी तर तोपर्यंत शाळेत गेलेली असे. म्हणून रात्रीच, झोपण्यापूर्वी, लिहून ठेवू लागले. बाबांचे शिक्षण चौथीपर्यंतच झालेले. ते ओठ हलवीत सावकाश वाचीत, आणि वाचून झाल्यावर वही टीव्हीच्या वर ठेवून झोपत.

त्या वर्षी जून-जुलै असे दोन महिने वही कोरी राहिली, कारण पावसाळ्यातील मासेमारीबंदीमुळे बाबा घरीच होते आणि मालिका स्वतः पाहत होते. ऑगस्टात बोटी पाण्यात गेल्या आणि माझे लेखन पुन्हा सुरू झाले.

हे बालपणीचे कौतुक सांगण्याचे कारण असे की, यंदा ग्रंथालयात चित्रपटविषयक पुस्तके चाळताना मला कळले की, अशा वह्यांची जगात मोठी परंपरा आहे. एखादी मालिका किंवा एखादा चित्रपट लोकांना फार आवडला की त्याच्या जोडीने एक पुस्तक निघते. त्यात तो कसा तयार झाला, कोणी काय केले, पात्रे कोण, स्थळे कोणती, कोणत्या भागात काय घडले हे सारे दिलेले असते. इंग्रजीत त्याला ‘कम्पॅनियन’ म्हणतात. मराठीत त्याला रूढ शब्द नाही. मार्गदर्शक म्हटले तर परीक्षेचे गाईड डोळ्यांसमोर येते. म्हणून मी येथे ‘सोबतीचे पुस्तक’ हा शब्द वापरते. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्या बाबतीत ही पुस्तके विशेष निघतात, आणि त्याचे कारण उघड आहे. चारचौघांच्या घरातली गोष्ट पडद्यावर आली तर तिथले घर, रस्ते, नाती प्रेक्षकाला ठाऊक असतात. अद्भुताचे जग मात्र कोणीतरी बसून रचलेले असते. ते कसे रचले, त्याचे नियम काय, भूत दिसते ते कसे दिसते, हे जाणून घेण्याची ओढ प्रेक्षकाला लागतेच.

अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली. ती चालू असतानाच, १९६८ मध्ये, स्टीफन व्हिटफील्ड यांनी मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या साहाय्याने ‘द मेकिंग ऑफ स्टार ट्रेक’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. कार्यालयातील अंतर्गत टिपणे, खर्चाचे हिशेब, यानाची रेखाटने असा ऐवज त्यात होता. दूरचित्रवाणी मालिका तयार होते म्हणजे प्रत्यक्षात काय होते, हे सामान्य वाचकाला तेथे समोर मांडलेले दिसले. त्याच सुमारास मालिकेच्या चाहत्यांनी आपापल्या परीने पात्रे, ग्रह, याने यांची अकारविल्हे सूची करावयास घेतली. बीजो ट्रिंबल या बाईंनी संपादित केलेली ती सूची १९६९ मध्ये चाहत्यांपुरती निघाली आणि १९७६ मध्ये मोठ्या प्रकाशनसंस्थेने छापली. त्या काळी घरोघरी व्हिडिओ नव्हता. भाग एकदा लागून गेला की गेला. म्हणजे त्या सूचीचा पहिला उपयोग, लहान तोंडी मोठा घास घेऊन म्हणते, माझ्या वहीचा होता तोच होता.

इंग्लंडमधील ‘डॉक्टर हू’ या मालिकेची कथा तर याहून बोलकी आहे. ही मालिका नोव्हेंबर १९६३ मध्ये सुरू झाली. चित्रफिती महाग होत्या, त्या पुसून पुन्हा वापरल्या जात, आणि ठेवायला जागाही पुरत नसे. त्यामुळे बीबीसीने पुढील काळात मालिकेचे पुष्कळ जुने भाग पुसून टाकले. पुढे कधी कोणी ते पुन्हा पाहू इच्छील हे त्या वेळी कोणाच्या डोक्यातही नसावे. मॅल्कम हल्क आणि टेरन्स डिक्स या मालिकेच्याच दोन लेखकांनी १९७२ मध्ये ‘द मेकिंग ऑफ डॉक्टर हू’ हे मुलांसाठी छोटे पुस्तक लिहिले. तोवरच्या सगळ्या कथा त्यात क्रमाने नोंदलेल्या होत्या. ज्या भागांची चित्रे नाहीशी झाली, त्यांच्यापर्यंत पोहोचायला अशी पुस्तके आणि प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर धरून ठेवलेला नुसता आवाज, एवढीच वाट उरली.

हे सर्व परदेशातले झाले. आपल्याकडे काय?

मला वाटते, मराठीत या प्रकाराची सुरुवात भारतीय चित्रपटाच्या जनकापासूनच झाली. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रेक्षकांसाठी लागला. पुढे १९१७ मध्ये त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा लहानसा चित्रपटच काढला. आणि दुसरी म्हणजे ‘नवयुग’ मासिकातून ‘भारतीय चित्रपट’ या विषयावर लेख लिहिले. ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहताना आपल्या डोळ्यांसमोर राम-कृष्ण कसे दिसू लागले ही जी हकीकत आपण शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलो, ती आपल्याला ठाऊक आहे याचे कारण एवढेच की, त्यांनी स्वतः ती लिहून ठेवली. फाळक्यांचे चित्रपट म्हणजे अद्भुताचा खजिनाच होता. देव प्रकट होतात, लंका जळते, कालियाच्या फणांवर कृष्ण नाचतो. कॅमेरा थांबवायचा, माणूस आणून उभा करायचा आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायचा, की पडद्यावर देव एकाएकी अवतरतो. आज हे कोणीही मोबाइलवर करील. पण शंभर वर्षांपूर्वी दादरच्या एका घरात, सरस्वतीबाई फाळके फिल्मच्या कडेला रात्री भोके पाडीत बसलेल्या असताना, हे घडत होते याची नोंद राहिली म्हणून आपल्याला ती मौज कळते.

‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी आज पहिले आणि शेवटचेच हाती आहे, आणि तेही १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचे असावे, असे काही अभ्यासक मानतात. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती पटकन पेट घेते आणि न जळता नुसती पडून राहिली तरी कालांतराने तिचा भुगा होतो. कागद त्यापेक्षा टिकला. बापू वाटवे यांनी फाळक्यांचे चरित्र लिहिले. ते वाचून परेश मोकाशी यांना ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) हा चित्रपट सुचला. चित्रपटावरून पुस्तक आणि पुस्तकावरून पुन्हा चित्रपट, असा हा फेरा आहे. वाटव्यांनीच ‘एक होती प्रभातनगरी’ लिहून ‘प्रभात’ची हकीकत जपली. ‘माया मच्छिंद्र’ (१९३२) मधली जादू, ‘संत तुकाराम’ (१९३६) मधले वैकुंठगमन, ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) मधली चालती भिंत ही दृश्ये आमच्या आजीच्या पिढीने चमत्कार म्हणून पाहिली आणि हात जोडले. त्यामागे सुतार होते, रंगारी होते, दिव्यांची माणसे होती, हे पुस्तकांमुळे कळते.

आमच्या भाषेचेच उदाहरण द्यावयाचे तर गंगाराम गवाणकरांचे देता येईल. ‘वस्त्रहरण’ हे १९८० मध्ये रंगभूमीवर आलेले त्यांचे मालवणी नाटक. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. नाटक कसे जन्मले आणि आपण कोठून कोठे आलो हे गवाणकरांनी ‘व्हाया वस्त्रहरण’ या पुस्तकात सांगितले. हे पडद्याचे नाही, रंगभूमीचे आहे, पण जात एकच. एवढे असूनही मराठीत मालिकेवरचे, तेही अद्भुत किंवा गूढ मालिकेवरचे, असे भरघोस पुस्तक माझ्या पाहण्यात आले नाही. चित्रपटाला निदान परीक्षण तरी मिळते. मालिका म्हणजे जेवताना पाहावयाची वस्तू, तिच्यावर कसले पुस्तक लिहावयाचे, अशी आपली समजूत आहे.

म्हणून माझ्या मते ‘रात्रीस खेळ चाले’वर असे पुस्तक व्हावयास हवे, आणि ते आपल्या जिल्ह्यातल्या कोणीतरी लिहावयास हवे.

या मालिकेचे पहिले पर्व फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०१६ मध्ये झाले. दुसरे जानेवारी २०१९ ते ऑगस्ट २०२० मध्ये, आणि तिसरे मार्च २०२१ मध्ये सुरू झाले. दुसऱ्या पर्वात कथा मागे गेली आणि पहिल्या पर्वात सुरुवातीलाच मेलेले अण्णा नाईक तेथे जिवंत, दरारा गाजवीत समोर आले. मध्येच कोरोनाची टाळेबंदी आली, चित्रीकरण थांबले, आणि काही महिन्यांनी पुन्हा सुरू होऊन पर्व कसेबसे संपले. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या एका घरात झाले. त्या घराला लोक अजूनही ‘नाईकांचा वाडा’ म्हणतात आणि मुंबई-पुण्याच्या गाड्या तेथे थांबतात. मालिकेतील पांडूची भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर हेच मालिकेचे लेखन करीत होते, ही गोष्ट माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक नव्हती. ‘इसारलंय’ हा पांडूचा शब्द मात्र सगळ्यांना पाठ. परीक्षेत उत्तर आले नाही की आजही कोणीतरी तो म्हणतेच.

मग पुस्तकात काय लिहावे? येथे माझी जुनी वही उपयोगी पडते, कारण काय लिहू नये हे तिने शिकविले. तिच्यात फक्त गोष्ट होती. आज ती गोष्ट कोणालाही मोबाइलवर पहिल्या भागापासून पाहता येते, त्यामुळे माझ्या चार-चार ओळींना आता कवडीची किंमत नाही. बाबा त्या वेळी वाचून झाल्यावर कधी कधी विचारीत, “पण तो असा करता कित्याक?” आणि वहीत त्याचे उत्तर नसे. मी उत्तर देण्याऐवजी चिडत असे. तो ‘कित्याक’ हाच खरा प्रश्न होता हे आता कळते.

पहिली गोष्ट भाषेची. मालिकेत शिकलेले, मुंबईकडे गेलेले नाईक प्रमाण मराठी बोलतात आणि घरचे, गडीमाणसे मालवणी बोलतात. मालवणी तरी कोणती? सगळ्या महाराष्ट्राला कळावी म्हणून ती थोडी पातळ केलेली. आजी मालिका पाहताना मध्येच म्हणे, “आमच्यात असा कोण बोलता गो?” आणि लगेच बरोबर वाक्य म्हणून दाखवी. मी ती वाक्ये लिहिली नाहीत, पांडू विहिरीकडे गेला हे लिहिले! मालवणसारख्या किनाऱ्यावरची बोली आणि आकेरी-सावंतवाडीकडची बोली यांत हेल वेगळा, काही शब्द वेगळे. मालिकेने कोणते शब्द उचलले, कोणते गाळले, कोणते महाराष्ट्रभर गेले याची यादी करणे हे भाषेच्या विद्यार्थ्याचे काम आहे. ‘झील’, ‘चेडू’, ‘वायच’, ‘खंय’, ‘गजाल’ हे शब्द शाळेत बोलल्याबद्दल हसे झालेली आमची पिढी. आणि तेच शब्द नागपूरची माणसे हौसेने म्हणू लागली, तेव्हा आम्हांला त्यांची लाज वाटेनाशी झाली. हा बदल माझ्या डोळ्यांसमोर झाला. त्याचा पुरावा मात्र कोठे लिहिलेला नाही.

दुसरी गोष्ट भीतीची. मालिका सुरू झाल्यावर कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, असे आक्षेप आले. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये झालेला. तेव्हा हा आक्षेप अगदीच उडवून लावण्यासारखा नव्हता. पण मालिकेतली भीती कोठून आली हे समजून न घेता दोन्ही बाजू भांडल्या असे मला वाटते. आपल्याकडे राखणदार आहे, देवचार आहे, देवळात कौल घेतात, गाऱ्हाणे घालतात. आरवलीच्या वेतोबाला भाविक चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणजे आमच्या गावातल्या रात्रीत हिंडणारा तो राखण करणारा आहे! बाहेरच्या प्रेक्षकाला रात्रीचा आवाज म्हणजे फक्त भूत. आजीला तो आवाज म्हणजे कदाचित राखणदार, आणि म्हणून ती घाबरत नसे, नुसती पदर सावरून बसे. लेखकाने यातले काय गावातून घेतले आणि काय स्वतः रचले, हे सोबतीच्या पुस्तकाने वेगळे करून दाखवावयास हवे. नाहीतर पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक मालिकाच पुरावा धरून कोकणातील लोकश्रद्धा म्हणून प्रबंध लिहील.

असा घोटाळा होतो याचे उदाहरण जवळच आहे. ‘तुंबाड’ हा राही अनिल बर्वे यांचा चित्रपट २०१८ मध्ये आला आणि २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागून पहिल्यापेक्षा अधिक चालला. आमच्या वर्गात त्या वेळी पैज लागली होती की, तो श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीवरून घेतला आहे. वास्तविक नाव तेवढे तेथले. कथेची प्रेरणा नारायण धारप यांच्या भयकथेची. कादंबरी दोन खंडांची. पैज हरलेल्या मित्राने पहिला खंड हस्तर सापडेल म्हणून निम्मा वाचून काढला होता, हा त्यातला फायदा.

तिसरी गोष्ट घराची आणि उजेडाची. या डिसेंबरात मी आणि माझी मैत्रीण मालवणहून कुडाळला एस.टी.ने गेलो आणि तेथून झारापमार्गे आकेरीला उतरलो. घर खाजगी आहे, तेथल्या माणसांना उगाच त्रास नको म्हणून आम्ही बाहेरूनच पाहिले. पाहून दोघींचीही थोडी निराशा झाली. टीव्हीवर केवढे मोठे, काळे वाटे! दुपारच्या उन्हात ते आपल्या कोणाच्याही मामाच्या घरासारखे कौलारू घर होते. मैत्रीण म्हणाली, मग आपण घाबरत होतो कशाला? याचे उत्तर दिवे लावणाऱ्या माणसाकडे आहे, कॅमेरा जमिनीलगत ठेवणाऱ्याकडे आहे, रातकिड्यांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्याकडे आहे. त्यांची नावे शेवटी पडद्यावर भराभर सरकून जातात. पुस्तकात ती थांबतील.

सेटवर गेलेले लोकही आपल्या आसपास आहेत. कोणी जेवणाचे डबे पुरविले असतील, कोणी गर्दीत उभे राहिले असेल, कोणी कंदील किंवा जुनी खाट दिली असेल. दहा वर्षे झाली. आणखी दहा वर्षांनी त्यांच्यातले किती जण नीट सांगू शकतील? चित्रपटांच्या बाबतीत परदेशात हे शहाणपण कोणी कोणी दाखविले. ‘स्टार वॉर्स’चे काम चालू असताना चार्ल्स लिपिनकॉट यांनी कलावंत-तंत्रज्ञांच्या मुलाखती घेऊन ठेवल्या, त्या पडून राहिल्या आणि तीस वर्षांनी, २००७ मध्ये, जे. डब्ल्यू. रिंझलर यांनी त्यांवरून जाडजूड ग्रंथ केला. घडून गेल्यावर विचारले की माणसे आठवणीला पॉलिश करून सांगतात. घडत असताना विचारले की खरे सांगतात, आणि थोडे रागावूनही सांगतात. ‘दशावतार’ हा सुबोध खानोलकर यांचा चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये आला. दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री पाहून आमच्या गावातले दशावतारी नाटकवाले डोळे पुसत बाहेर आले. त्या चित्रपटाच्या बाबतीत तरी अजून वेळ गेलेली नाही.

कायद्याची अडचण येते का, असे एका प्राध्यापकांनी मला विचारले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात टीका-परीक्षणासाठी मर्यादित उतारे घेण्यास मुभा आहे. संवादच्या संवाद किंवा मालिकेची छायाचित्रे छापावयाची तर परवानगी हवी. पण माणसांच्या आठवणी, बोलीचा अभ्यास, गावाचे वर्णन, प्रेक्षकांचे म्हणणे यांवर कोणाचा हक्क नाही, आणि माझ्या दृष्टीने पुस्तकाचा मोठा भाग तोच आहे. बोधचिन्ह छापून अधिकृत पुस्तक काढावयाचे की स्वतंत्रपणे लिहावयाचे, हा प्रश्न मात्र खरा आहे. अधिकृत पुस्तकाला आतली कागदपत्रे मिळतात, पण वाईट बोलता येत नाही. स्वतंत्र लेखकाला दार उघडून देत नाहीत, पण दुसऱ्या पर्वात अमुक भाग उगीच ताणले, हे तो लिहू शकतो. (ताणले होतेच. आजीसुद्धा त्या दिवसांत पावणेअकराला झोपायची.)

एक अडचण मात्र मला कोणत्याही पुस्तकात सापडली नाही. ती आमच्या वाडीतच भेटली.

आमच्या शेजारी एक वयस्कर दशावतारी कलावंत राहतात. पस्तीस वर्षे त्यांनी राजा केला, राक्षस केला, आणि ‘ट्रिकसीन’च्या नाटकांत ज्या करामती होतात त्याही बसविल्या. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते ते ठरते, आणि संवाद उभ्या उभ्या रचले जातात. मुंडके उडते, नाग निघतो, देवी अधांतरी दिसते, हे सारे गावच्या जत्रेत, पेटीच्या आणि पखवाजाच्या साथीवर, समोर दहा हातांवर बसलेल्या प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. ‘रात्रीस खेळ चाले’ पाहताना आमच्या गावाला अद्भुत नवे वाटले नाही, याचे कारण तेथे आहे. म्हणून पुस्तकाच्या एका प्रकरणासाठी मी त्यांच्याकडे गेले आणि अधांतरी देवीचे कसे करता ते विचारले.

ते हसले. म्हणाले, “ता सांगूचा नाय, चेडवा. तू छापलंस तर उद्या आमका कोण बोलावतलो?”

मी फाळक्यांचे सांगितले. त्यांनी आपली युक्ती स्वतःच लोकांना दाखवली आणि तरी लोक आले, असे म्हटले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, फाळक्यांकडे दुसरा चित्रपट तयार होता. आमच्याकडे हीच एक देवी आहे. यावर मला काही सुचले नाही. सोबतीचे पुस्तक पडदा बाजूला सारते, आणि ज्याचे पोट त्या पडद्यावर आहे त्याला ते कसे परवडावे, हा प्रश्न स्टार ट्रेकच्या पुस्तकवाल्यांना पडलेला नसावा. त्यांचे यान लाकडाचे आहे हे कळले म्हणून कोणाची जत्रा बुडणार नव्हती.

तिसऱ्या भेटीत त्यांनी युक्ती सांगितली. सांगण्यापूर्वी अट घातली की, ते नाटकात उभे राहतात तोपर्यंत ती छापावयाची नाही. मी कबूल केले. फार साधी युक्ती आहे, आणि ऐकल्यावर मला मुळीच निराशा झाली नाही; उलट पुढच्या जत्रेत ती पाहताना मी पूर्वीपेक्षा जास्त श्वास रोखून बसले होते, कारण आता चूक कोठे होऊ शकते हे मला ठाऊक होते.

जुनी वही आज नाही. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात आमच्या घराची कौले उडाली, पत्र्याच्या पेटीत पाणी शिरले, आणि शाईच्या पेनाने लिहिलेले सगळे निळे पाणी झाले. नवी वही दोनशे पानी घेतली आहे, आणि बॉलपेनने लिहिते. पहिल्या पानावर बाबांचा प्रश्न लिहिला आहे. आजीकडून आतापर्यंत एकसष्ट शब्द आणि मालिकेतील बारा वाक्यांची तिने केलेली दुरुस्ती मिळाली आहे. ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे आणि दुपारी चारनंतर तिला बोलायला आवडते. बाबा अजून ट्रॉलरवर जातात. सकाळी आले की वही उघडून पाहतात, आणि अधांतरी देवीसाठी कोरे सोडलेले पान आले की विचारतात, हा काय, लाईट गेली होती?